इक्! एक्! : तेक्क्यॉनच्या मागावर सोल ते चुंगजू

गुरुवार, सोल

कुक्कीवोनला, म्हणजे तायक्वांदोच्या मुख्यालयात, जायचंय म्हटल्यावर दीर हसलाच. "वहिनी, तिथे बघण्यासारखं काही नाही. जुनं सभागृह आहे, बास." तो सुवॉनला एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत आहे, सुट्टी एकच दिवस काढून आला होता, आणि ती सभागृहात घालवायची त्याच्या जिवावर आली होती. पण गेलो.

गंगनम स्टेशनातून बाहेर पडून काचेच्या इमारतींच्या मागे गेलं की चढ लागतो. त्या चढावर पारंपरिक छपराची ही इमारत, १९७२ सालची. पुढच्याच वर्षी पहिली जागतिक तायक्वांदो स्पर्धा इथे भरली. पुण्या-नाशकात सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांत लाथा झाडणारी पोरं मोठी होऊन ब्लॅक बेल्ट मिळवतात, त्यांची प्रमाणपत्रं इथून निघतात.

तायक्वांदोचा जो इतिहास सगळीकडे सांगितला जातो तो दोन हजार वर्षं मागे जातो. गोगुर्यो ह्या जुन्या कोरियन राज्याच्या काळातल्या थडग्यातल्या भिंतचित्रात समोरासमोर हात उगारलेले दोन पुरुष (ते थडगं आज चीनच्या हद्दीत, जिआनला आहे). मग शिल्ला राज्यातले ह्वारांग नावाचे खानदानी तरुण आणि वोनग्वांग भिक्खूने घालून दिलेले त्यांचे पाच नियम: राजाशी निष्ठा, आईवडिलांची सेवा, मित्राशी सचोटी, रणातून माघार नाही, आणि जीव घ्यायचाच तर विचार करून. ऐकायला भारदस्त आहे. पण त्या पाच नियमांत लाथ कशी मारावी ह्याबद्दल चकार शब्द नाही, आणि भिंतीवरच्या त्या दोघांचं नक्की काय चाललंय ह्यावर अभ्यासकांत अजून खटके उडतात.

कागदोपत्री जे सापडतं ते बरंच अलीकडचं. १९४४ साली ली वोन-कुक ह्यांनी सोलमध्ये छोंगदोक्वान नावाची तालीम काढली. ते जपानमध्ये शोतोकान कराटे शिकून आलेले. त्यानंतर निघालेल्या बऱ्याच तालमींचे गुरूही तसेच. १९५५ साली जनरल छे होंग-ही ह्यांच्या पुढाकाराने 'तायक्वांदो' हे नाव ठरलं. तेही जपानमध्ये कराटे शिकलेले, पण लहानपणी सुलेखन शिकवणाऱ्या गुरुजींनी आपल्याला तेक्क्यॉनचे, म्हणजे पायांनी खेळायच्या जुन्या कोरियन झुंजीचे, धडे दिले, असं ते सांगत. हे अनेकांना पटत नाही. १९१० ते १९४५ जपानच्या टाचेखाली काढलेल्या देशाला आपली राष्ट्रीय विद्या जपानहून आली असं म्हणवेल कसं? मग घरच्याच कुठल्यातरी जुन्या खेळाशी नातं लावणं आलं. मला तरी ह्यात लबाडीपेक्षा दुखऱ्या मनाचा भाग मोठा वाटतो.

ज्याच्याशी नातं लावलं तो खेळ, तेक्क्यॉन, मात्र खरोखर होता आणि आजही आहे. माझी सहल त्याच्यासाठी. कुक्कीवोनमध्ये आम्ही तासभर थांबलो, त्यातला अर्धा वेळ दीर बाहेरच्या बाकावर फोनवर बोलत होता.

शुक्रवार, साजिक-दोंग

आज एकटीच. ग्योंगबोक राजवाड्याच्या पश्चिमेला साजिक-दोंग नावाची वस्ती इनवांग डोंगराला टेकून बसलीय. मेट्रोतून उतरून साजिक वेदीच्या बाजूने वर चालत गेलं की चढाच्या टोकाला ह्वांगहाकजोंग, म्हणजे धनुर्धाऱ्यांचा मंडप. राजा गोजोंगने १८९८ साली तो दुसऱ्या राजवाड्याच्या आवारात बांधून घेतला होता, १९२२ साली इथे हलवला. आजही रोज तिरंदाजी चालते. लक्ष्य १४५ मीटरवर. सत्तरीचे एक आजोबा कमरेला बाण खोचून उभे होते. बाण सुटला, आणि इतका वेळ काहीच घडलं नाही की मला वाटलं हुकला. मग खूप लांबून 'टक्' असा आवाज आला. आजोबांनी मान किंचित हलवली आणि दुसरा बाण काढला.

ह्याच मंडपात धनुष्य घेऊन येणारा एक माणूस म्हणजे सोंग दोक-गी. जन्म १८९३, ह्याच वस्तीतला. पोरवयात इम हो नावाच्या गुरूकडे तेक्क्यॉन शिकला. त्या काळी सोलमध्ये डोंगराकडची 'वरची आळी' आणि ओढ्याच्या अंगाची 'खालची आळी' अशा झुंजी लागत, बहुतेक दानोच्या सणाला, पाचव्या चांद्रमहिन्याच्या पाचव्या दिवशी. आधी लहान मुलं उतरत, मग थोराड पोरं, शेवटी नावाजलेले गडी. जिंकणारा रिंगणात थांबे आणि समोरच्या आळीने पुढचा गडी धाडायचा. गावच्या जत्रेत बत्ताशा-रेवड्यांच्या कुस्त्यांपासून सुरुवात होऊन संध्याकाळी मोठ्या जोड्या लागतात, तोच हा क्रम.

ह्या झुंजींचं सगळ्यात विश्वासाचं वर्णन एका अमेरिकन माणसाने केलंय. स्टुअर्ट क्युलिन ह्यांनी १८९५ साली कोरियन खेळांवर पुस्तक छापलं, त्यात तेक्क्यॉनला थोडीशीच जागा आहे. पण त्यात नेमकं ते आहे: दोघे समोरासमोर पाय फाकून उभे राहतात, एकमेकांचा पाय काढायला बघतात, पाऊल एक घर मागे घेता येतं, म्हणजे पाय सदैव तीनपैकी कुठल्यातरी जागी. उंच लाथ चालते, ती हाताने धरायची. समोरच्याला पाडायचं. राजे नाहीत, भिक्खू नाहीत, दोन हजार वर्षं नाहीत. रस्त्यावर उभं राहून बघणाऱ्याने लिहिल्यासारखं वाटतं ते, आणि म्हणून मला भिंतचित्रांपेक्षा त्याचा भरवसा जास्त वाटतो.

जपानी अमलात हे सामने बंद पडत गेले. स्वातंत्र्य मिळालं, लगेच १९५० चं युद्ध झालं. खेळ अंगात असलेले गडी मेले किंवा पांगले, आणि शेवटी जाणत्यांत बोट दाखवावं असे सोंग दोक-गी जवळपास एकटेच उरले. त्यांच्या घराजवळ काही खूण मिळेल म्हणून गल्ल्या धुंडाळल्या. कॉफीची दुकानं मिळाली, एक पराठ्यासारखा जाड हिरव्या कांद्याचा 'पाजोन' मिळाला. पाजोन उत्तम होता.

शनिवार, सुवॉन

आज दिराच्या घरी मुक्काम, जाऊबाई आणि पुतण्याही बरोबर. ह्वासोंग किल्ल्याच्या तटबंदीवर (पावणेसहा किलोमीटर, १७९४ ते १७९६ मध्ये बांधलेली) सकाळी फिरलो, आणि अकराला राजाच्या निवासवाड्याच्या दारासमोर 'मुये २४ गी'चा प्रयोग पाहिला. सोमवार सोडून रोज असतो, फुकट असतो.

२४ गी म्हणजे चोवीस युद्धप्रकार. राजा जोंगजोने १७९० साली ते सचित्र ग्रंथात बांधून घेतले. काम केलं ली दोक-मू आणि पाक जे-गा ह्या दोन विद्वानांनी आणि पेक दोंग-सू नावाच्या तलवारबाजाने. गंमत म्हणजे दोघे विद्वान धाकट्या पातीच्या बायकांचे वंशज, म्हणजे त्या समाजात वरच्या पदांची दारं बंद असलेले. जोंगजोचा बाप, युवराज सादो, ह्याने अठरा प्रकार जमवून ठेवले होते. त्याला स्वतःच्या बापाच्या हुकमाने तांदळाच्या पेटीत कोंडून मारलं. मुलाने त्यात घोड्यावरचे सहा घालून चोवीस केले. आज हा ग्रंथ युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या यादीत आहे, आणि तिथे तो नोंदवलाय उत्तर कोरियाने, २०१७ साली. सुवॉनकरांना हे विचारलं की ते विषय बदलतात.

प्रयोग झकास. चंद्रकोरी पात्याचा भाला गरगर फिरवणारा बाप्या, वेताच्या ढालीमागून कोलांट्या घेणारे दोघे, पेंढ्याच्या गुंडाळ्या सप्कन् कापणाऱ्या तलवारी. माझा जीव जडला तो 'नांगसोन'वर: फांद्या न छाटलेला लांबलचक बांबू, प्रत्येक फांदीला लोखंडी टोकं. तो घेऊन एक बारीकसा मुलगा पुढे सरकतो आणि समोरच्या तलवारवाल्याला आत शिरायला वाटच राहत नाही. पुतण्याने विचारलं, "काकू, ह्यात तुमचं ते लाथांचं कुठेय?"

कुठेच नाही. चोवीसांत निःशस्त्र प्रकार एकच, 'ग्वोनबोप', आणि त्याचं मूळ चिनी सेनापती छी जिग्वांगच्या ग्रंथात. तेक्क्यॉन सरकारी कागदात आलंच नाही, कारण ते सैन्याचं नव्हतंच, गल्लीतलं होतं. आठच वर्षांनी, १७९८ च्या एका शब्दसंग्रहात मात्र ते डोकावतं: जुन्या हातघाईच्या खेळाला हल्ली 'ताक्क्यॉन' म्हणतात, एवढीच नोंद. हातघाईचा तो जुना खेळ म्हणजे 'सुबाक'. त्याने एकदा राज्य उलथवलंय. ११७० साली गोर्यो घराण्याच्या उइजोंग राजाने सहलीत अधिकाऱ्यांच्या सुबाक झुंजी लावल्या. म्हातारा सेनापती ली सो-उंग दमून मागे फिरला, तर हान रे नावाच्या तरुण कारकुनी दरबाऱ्याने सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. सेनापती पायऱ्यांवरून खाली. राजा हसला म्हणतात. त्याच संध्याकाळी लष्कराने दरबाऱ्यांची कत्तल सुरू केली आणि पुढची शंभर वर्षं सत्ता सेनापतींकडे गेली. सुबाक आणि तेक्क्यॉन एकच होते का, हे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. दोहोंच्या मध्ये शतकानुशतकांची पोकळी आहे, ती कुणी भरून दाखवत नाही.

रविवार, चुंगजू

सोलच्या पूर्वेच्या बसस्थानकातून दोनेक तास. चुंगजू सफरचंदांचं गाव; गावात शिरताना रस्त्याच्या कडेलाच लगडलेली सफरचंदाची झाडं आहेत आणि कुणी तोडत नाही. हे मी दोन झाडांजवळ जाऊन खात्री करून घेतलं.

तेक्क्यॉन सोलचं, मग राजधानी चुंगजू कशी? कारण शिन हान-सुंग. १९२८ सालचा माणूस, आधी कुस्तीगीर, इथला रहिवासी. १९७० च्या दशकात हा सोंग दोक-गींकडे जाऊन शिकला, आणखी म्हाताऱ्यांकडून आठवणी गोळा केल्या, आणि जे एका माणसाच्या अंगात होतं त्याचा अभ्यासक्रम बांधला: पायऱ्या, नावं, क्रम. मग सरकारदरबारी खेटे घातले. १ जून १९८३ रोजी तेक्क्यॉन कोरियाचा ७६ व्या क्रमांकाचा अमूर्त सांस्कृतिक वारसा झाला, सोंग आणि शिन दोघे अधिकृत धारक. चार वर्षांनी, जुलै १९८७ मध्ये, एकाच महिन्यात दोघे गेले. ९४ वर्षांचा गुरू आणि ५९ वर्षांचा शिष्य, आणि शिष्य आधी.

ही वारसानोंद दहा वर्षं लांबली असती तर नोंदवायला कोण उरलं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून दिवसभर गेला नाही.

२०११ साली युनेस्कोने यादीत घेतलं. 'युनेस्कोने मान्यता दिलेली जगातली पहिली युद्धकला' असं इथे अभिमानाने सांगतात. इराणच्या पहलवानी विधी आणि तुर्कस्तानातली तेलातली कुस्ती २०१० सालीच यादीत गेलीय, पण पाहुण्याने हे बोलून दाखवायचं नसतं.

सोमवार, चुंगजू

होआम-दोंग भागातल्या प्रशिक्षण केंद्रात आधी ईमेल करून वेळ घेतली होती. लाकडी जमीन, पायात कापडी मोजे. शिकणारे पंधराएक, अंगात पांढरे सैल कोरियन कपडे, विजारीचे पाय घोट्याशी फितीने बांधलेले. गुरुजी पन्नाशीचे, आवाज खर्जातला. कराटेच्या वर्गात असते तशी ताठर शिस्त कुठेच नाही, सगळे गप्पा मारत होते.

सुरुवात 'पुमबाप्गी'ने, म्हणजे पावलांनी. जमिनीवर मनातल्या मनात त्रिकोण काढायचा. दोन पाय मागच्या दोन कोपऱ्यांवर, मग एक पाय पुढच्या टोकावर, परत, मग दुसरा. क्युलिनच्या तीन जागा! पाऊल पुढे पडताना गुडघा मऊ वाकतो, आणि वजन येताच कमरेपासून पोट पुढे जाऊन अंगाला बाक येतो. ह्या वाकण्या-झुलण्याची 'गुमशिल' आणि 'नुंगछोंग' अशी नावं आहेत. हात नुसते दोन्ही बाजूंना झुलत राहतात, 'ह्वालगेजित'. दुरून बघणाऱ्याला वाटेल नाच चाललाय. पाच मिनिटांत माझ्या पोटऱ्या भरून आल्या. त्यात तोंडाने 'इक्! एक्!' असा आवाज काढायचा, घशातून नाही, बेंबीखालून. लाजत काढला तर गुरुजी कानाला हात लावून 'ऐकू नाही आलं'ची खूण करतात.

मग दोघे तरुण समोरासमोर उभे राहिले. आणि इथे तो नियम पाहिला ज्यासाठी हा सगळा प्रवास सार्थकी लागला. लढताना प्रत्येकाने एक पाय पुढे, समोरच्याच्या पोचेत ठेवायचाच. ह्याला 'देजोप' म्हणतात. लांब राहून टिपायचं, घुटमळत वेळ काढायचा, हे चालत नाही. माझा पाय तुझ्यासमोर आहे, तुझा माझ्यासमोर, आता दाखव. तुम्ही हल्ला करायच्या आधी स्वतःला हल्ल्यासाठी उपलब्ध करून देता.

दुसरा नियम लाथेचा. ताडकन बसणारी, हाड मोडणारी लाथ मना. पाय लागल्यावर ढकलला पाहिजे, तळव्याने दाबून सारल्यासारखा. पडला तर हरला. किंवा तोंडावर, डोक्यावर पाय नेमका लागला तरी हरला, तेवढ्यावर डाव संपतो. गुरुजींनी मला घोट्यावरचा 'त्तानजुक' दाखवला: माझं वजन पुढच्या पायावर येण्याच्या अर्ध्या क्षण आधी त्यांच्या तळव्याने माझा घोटा आतून अलगद सरकवला. दुखलं काहीच नाही. मी बसलेली होते, आणि कशी बसले ते कळलं नव्हतं.

तत्त्वज्ञान विचारलं. पापागो अ‍ॅपवर भाषांतर करत करत बोलणं चाललं होतं, त्यामुळे मला भीती होती की यिन-यांगचं व्याख्यान मिळेल. तायक्वांदोच्या 'तेगुक पुमसे' ह्या ठरीव हालचालींच्या मालिकांत आठ त्रिग्रामं (तीन-तीन रेघांची चिन्हं) आहेत, स्वर्ग-पृथ्वी-अग्नी-जल सगळं आहे, आणि ते छान रचलेलं आहे. रचलंय विसाव्या शतकात. गुरुजींनी तसलं काही काढलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की समोरचा उद्या परत खेळायला आला पाहिजे. तो त्याच गावातला, नाहीतर शेजारच्या आळीतला; त्याचा गुडघा मोडलात तर पुढच्या दानोला कुणाशी खेळणार? मारता येत असून न मारता पाडणं, ह्यात कसब. युनेस्कोच्या नोंदीतही ह्याच अर्थाचं काही आहे, पण तिथे ते भाषणासारखं वाटतं. इथे लाकडी जमिनीवर बसून घोटा चोळताना पटलं.

मात्र सगळं गोडीगुलाबीचं नाही. घशावर अंगठा-तर्जनीच्या बेचक्याने ढकलायचा 'कालजेबी' हा डावही तेक्क्यॉनचाच, आणि तो बघताना मला माझा गळा आठवला. शिवाय आज तेक्क्यॉनच्या निदान तीन-चार वेगवेगळ्या संघटना आहेत. कुणी म्हणतं शिन ह्यांनी अभ्यासक्रम बांधताना बरंच स्वतःचं घातलं, सोंग ह्यांचंच खरं. कुणी म्हणतं खेळ म्हणून जगवायचा तर नियम सोपे हवेत. सोलमधल्या एका गटाने २००४ पासून इन्सादोंगच्या रस्त्यावर संघांच्या झुंजी लावल्या, तोही जुन्या आळी-आळीच्या सामन्यांचाच धागा. एकाच म्हाताऱ्याकडून आलेली विद्या, आणि वारसदार एकमेकांचे कपडेही मान्य करत नाहीत. घराण्यांची भांडणं ऐकत मोठे झालेल्यांना ह्यात नवल वाटू नये.

मंगळवार, चुंगजू

सकाळी थांगुमदे. नामहान नदीवरचा कडा. शिल्लाच्या काळात उरुक नावाचा वादक इथे बसून गायागुम हे तंतुवाद्य वाजवायचा, म्हणून हे नाव. आणि १५९२ साली जपानी स्वारीच्या वेळी सेनापती शिन रिप ह्याने नदी पाठीशी घेऊन इथेच फौज उभी केली. चिखलाच्या भातखाचरांत घोडदळ रुतलं, बंदुकांपुढे टिकाव लागला नाही, आणि सेनापतीने नदीत उडी घेतली. दोन्ही गोष्टींचे फलक जवळजवळ आहेत.

खाली उतरलं की जागतिक युद्धकला उद्यान म्हणून उभारलेली बाग. १९९८ पासून गावात देशोदेशीच्या युद्धकलांचा महोत्सव सुरू झाला, त्यातून हे उभं राहिलं. प्रशस्त हिरवळ, पुतळे, बरीच मोकळी जागा. पुतळे मला फारसे नाही आवडले. पण एका झाडाखाली सहा-सात बायका, साठी-सत्तरीच्या, रंगीत टोप्या घालून पुमबाप्गी करत होत्या. 'इक्! एक्!' चांगलं दणदणीत. मी कडेला उभी राहून कालचे पाय टाकायला लागले, तर एकीने ओढून ओळीतच घेतलं आणि माझ्या पोटावर चापट मारून 'पुढे, पुढे' केलं. गुरुजींनी तासभर जे सांगितलं ते त्या चापटीने जागेवर बसलं.

मग बसून सफरचंदं सोलली. पहिला प्रश्न वयाचा, दुसरा लग्न झालंय का, तिसरा मुलं किती. पापागोवर मी सांगितलं की भारतातून तेक्क्यॉन बघायला आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टोपी सरळ करत त्यातली सगळ्यात जोरात ओरडणारी म्हणाली की तिचे दोन नातू इथेच राहतात, पायऱ्या उतरलं की शाळा. मी विचारलं, तेही येतात का तुमच्याबरोबर?

छे, म्हणाली, ते तायक्वांदोला जातात. तिथे बेल्ट मिळतो.